रेडफिश लेकचे सॉकआय : १,५७९ मासे परतले, मग यादीतून नाव का निघालं नाही?

२०१४ साली अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, सॉटूथ डोंगरांच्या कुशीतल्या खोऱ्यात १,५७९ सॉकआय सॅमन समुद्रातून परतले. त्याआधी बावीस वर्षं, १९९२ साली, तिथे परतला होता एक मासा. एकच, आणि तोही नर. एकावरून दीड हजारावर गेलेला आकडा पाहून कुणीही म्हणेल, जमलं की! तरीही सागरी माशांचं काम पाहणाऱ्या नोआ फिशरीज या सरकारी खात्याने सॉकआयचं नाव संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतल्या सगळ्यात धोक्याच्या वर्गातून हलवलं नाही. २०१६च्या आढाव्यात नाही आणि २०२२च्याही नाही. खात्याचा हा हट्ट मला बरोबर वाटतो. का, ते समजायचं तर आकडा कुठून येतो ते आधी पाहावं लागतं.

चढण

पहिल्या पावसात ओढ्याला लाल पाणी आलं की रात्री बॅटरी घेऊन चढणीचे मासे धरायला पळणाऱ्या आपल्या लोकांना सॅमनचं वेड फार समजावून सांगावं लागणार नाही. फरक आहे तो अंतराचा. आपला चढणीचा मासा नदीतून ओढ्यात, ओढ्यातून खाचरात जातो. रेडफिश लेकचा सॉकआय पॅसिफिक महासागरातून कोलंबिया नदीत शिरतो, तिथून स्नेक नदी, मग सॅमन नदी, आणि अखेर साधारण १,४५० किलोमीटर पोहून सुमारे २,००० मीटर उंचीवरच्या तळ्यात पोचतो. नदीत शिरल्यापासून तो काही खात नाही. सगळा प्रवास अंगातल्या चरबीवर. तळ्यात पोचेपर्यंत अंग लालभडक आणि डोकं हिरवं झालेलं असतं. तळ्याला नाव पडलं ते यावरूनच. ऑक्टोबरात काठाच्या उथळ रेतीखड्यांत अंडी घालायची आणि मरायचं. पिल्लं एक-दोन वर्षं तळ्यातले सूक्ष्म जीव खाऊन बोटुकलीएवढी होतात, वसंतात बर्फ वितळल्यावर पाण्याबरोबर समुद्राकडे निघतात आणि बहुतेक दोन वर्षांनी परततात.

या वाटेवर आठ मोठी धरणं आहेत. चार कोलंबियावर, चार स्नेकच्या खालच्या टप्प्यात. सगळ्यात खालचं बॉनव्हिल १९३८चं, सगळ्यात वरचं लोअर ग्रॅनाइट १९७५चं. माशांना वर चढायला धरणांच्या कडेने पायऱ्यांचे पाट आहेत, त्यामुळे मोठा मासा कसाबसा चढतो. खरा घात होतो खाली उतरणाऱ्या पिल्लांचा. पूर्वी ती पुराच्या लोंढ्याबरोबर भराभर समुद्र गाठायची. आता एकामागून एक साचलेले जलाशय लागतात. पाणी संथ, कोमट, शिकारी माशांनी भरलेलं. कितीतरी पिल्लं लोअर ग्रॅनाइटसारख्या धरणांवर गोळा करून बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीत, भरतात आणि बॉनव्हिलच्या खाली नेऊन सोडतात. बार्जने गेलेला मासा परतताना वाट चुकण्याची शक्यता जास्त, ही त्यातली मेख.

सगळं खापर या आठांवर फोडणंही बरोबर नाही. १९१० साली सॅमन नदीवरच सनबीम नावाचं धरण बांधलं गेलं आणि १९३४ साली ते एका बाजूने फोडेपर्यंत वरच्या तळ्यांची वाट जवळपास बंद होती. पुढे १९५०-६०च्या दशकांत शिकारी हौशींसाठी ट्राउट वाढवायचा म्हणून राज्याच्याच खात्याने खोऱ्यातल्या काही तळ्यांत विष घालून 'नको असलेले' मासे मारले. सॉकआय त्या नकोशांत धरला गेला होता. एवढं होऊनही १९५५ साली रेडफिश लेकला ४,३६१ मासे परतल्याची नोंद आहे. स्नेकवरची चार धरणं तेव्हा झालेली नव्हती.

सोळा

१९९० साली एकही मासा आला नाही. या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या सॅमन मारणाऱ्या शोशोनी-बॅनॉक जमातींनी त्याच वर्षी कायदेशीर संरक्षणाचा अर्ज केला आणि नोव्हेंबर १९९१मध्ये स्नेक नदीचा सॉकआय यादीत आला. कोलंबिया खोऱ्यातल्या सॅमनपैकी हा पहिला.

त्यानंतरची हजेरी अशी : १९९१ला चार, १९९२ला एक, १९९३ला आठ, १९९४ला एक, १९९५ला शून्य, १९९६ला एक, १९९७ला शून्य, १९९८ला एक. आठ वर्षांत सोळा. १९९२च्या त्या एकट्या नराला लोकांनी 'लोनसम लॅरी' म्हटलं. त्याचं वीर्य गोठवून ठेवलं आणि तो स्वतः भुसा भरून गव्हर्नर सेसिल अँड्रस यांच्या कचेरीत भिंतीवर गेला. राजकीय प्रतीक म्हणून मेलेल्या माशाने इतकं काम केल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

सोळाच्या सोळा मासे पकडून प्रजोत्पादनासाठी ठेवले गेले. सोबत तळ्यातून बाहेर पडणारी काही पिल्लं आणि काही 'घरकोंबडे' सॉकआयही घेतले. घरकोंबडे म्हणजे समुद्रात न जाता तळ्यातच वाढणारे, पण काठावर ऑक्टोबरातच अंडी घालणारे. तळ्यात याच जातीचा कोकनी नावाचा कायम गोड्या पाण्यात राहणारा भाऊबंदही आहे. तो मात्र ओढ्यात अंडी घालतो, तीही महिना-दीड महिना आधी. घरकोंबड्याला कायद्याचं संरक्षण आहे, कोकनीला नाही. दोघे हातात घेतले तर सारखेच दिसतात. ओळख पटते ती जनुकांवरून. सनबीमच्या काळात मूळ सॉकआय संपला होता का आणि आजचा वंश या घरकोंबड्यांतून उभा राहिला का, यावर अभ्यासकांत पूर्वी बरीच खडाजंगी झाली आहे. हा वाद पुस्तकी नाही. समुद्राचा रस्ता बंद असताना घरात बसलेल्यांनी वंश टिकवला असेल, तर घरकोंबड्यांची गणती हाही मूल्यमापनाचा भाग ठरतो.

पुढचं काम बंदिस्त प्रजननाचं. एका जागी रोग शिरला किंवा वीज गेली तर सगळं संपेल म्हणून कळप दोन ठिकाणी ठेवला : आयडाहोत बॉइसीजवळच्या ईगल केंद्रात आणि वॉशिंग्टन राज्यात नोआकडे. कोणत्या मादीशी कोणता नर जुळवायचा हे नात्याचं गणित मांडून ठरवायचं, जेणेकरून सख्खे-चुलत एकत्र येऊ नयेत. लग्न जुळवताना गोत्र पाहतात तसंच, फक्त पत्रिकेऐवजी डीएनए. हे सोळा आणि त्यांच्या सोबत घेतलेले मासे यांच्यापासून सुरू झालेल्या वंशात मूळ जनुकीय विविधतेचा ९५ टक्क्यांच्या आसपास भाग टिकला. या प्रकरणातलं खरं यश मी याला मानतो. वर्तमानपत्रांत झळकलं मात्र दुसरंच : १९९९ला केंद्रात वाढलेले सात मासे समुद्रातून परतले, २०००ला २५७, २०१०ला १,३५५, २०१४ला १,५७९.

आकड्याची फोड

खोऱ्याच्या तोंडाशी दोन जागी सापळे आहेत, एक रेडफिश लेकच्या ओढ्यावर आणि एक सॉटूथ हॅचरीजवळ (हॅचरी म्हणजे मत्स्यबीज केंद्र). आलेला प्रत्येक मासा तिथे हाताखालून जातो. नर की मादी, लांबी किती, पोटात तांदळाच्या दाण्याएवढी इलेक्ट्रॉनिक चिप आहे का, हे पाहतात. पाठीवर शेपटीच्या अलीकडे जो मांसल छोटा पर असतो तो कापलेला असेल तर मासा केंद्रातून बोटुकली म्हणून सोडलेला. पर शाबूत असेल तर तो तळ्यात जन्मलेला असण्याची शक्यता मोठी. शेवटी पराचा कणभर तुकडा प्रयोगशाळेत जातो. केंद्रातल्या सगळ्या नर-माद्यांचे जनुकीय ठसे जमा असल्यामुळे परतलेल्याचे आई-बाप कोण, ते सांगता येतं.

ही फोड केली की २०१४चे १,५७९ दोन ढिगांत वाटले जातात. तळ्यात जन्मून समुद्र पाहून आलेले साधारण साडेचारशे; बाकीचे केंद्रात वाढवलेले. आणि ते साडेचारशे तरी पुरते रानटी कुठे? त्यांच्यापैकी बहुतेकांचे आई-बाप किंवा आजी-आजोबा केंद्रात वाढून तळ्यात सोडलेले. तरी ते वेगळे मोजायचे, कारण तळ्यात जन्मलेलं पिल्लू समुद्र गाठून परत येण्याचं प्रमाण केंद्रातल्या पिल्लापेक्षा स्पष्टपणे जास्त निघालं आहे. केंद्रातल्या पिल्लाला खाणं वेळेवर मिळतं आणि बगळा माहीत नसतो.

नोआने जून २०१५मध्ये पुनरुत्थानाचा आराखडा प्रसिद्ध केला, त्यात उंबरठे दिले आहेत. रेडफिश लेकमध्ये नैसर्गिक जन्माचे १,००० अंडी घालणारे मासे, त्याच खोऱ्यातल्या अल्टुरस लेकमध्ये १,००० आणि पेटिट लेकमध्ये ५००. एका वर्षी एवढे आले म्हणून भागत नाही, दहा वर्षांची सरासरी लागते, आणि तीही भूमितीय, म्हणजे आकड्यांची बेरीज नव्हे तर गुणाकार करून त्याचं मूळ काढलेली.

ही भूमितीय सरासरी अनेकांना नुसती आकडेमोड वाटते. एका वर्षी १,६०० मासे आले आणि दुसऱ्या वर्षी २५, तर साधी सरासरी ८१२ येते. भूमितीय सरासरी येते २००. माशांची पिढी बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. पंचवीस माशांच्या वर्षी जी खोट बसते ती सोळाशेच्या वर्षी भरून निघत नाही. १९९५ किंवा १९९७सारखं शून्य मध्ये आलं तर सगळा गुणाकारच शून्य. सावकाराला कर्जदाराचं एकाच चांगल्या हंगामाचं पीक दाखवून चालत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आकड्याखेरीज आणखी तीन गोष्टी पाहतात : मागच्या पिढीच्या एका माशामागे पुढच्या पिढीत किती परतले, वंश किती ठिकाणी पसरला आहे आणि विविधता किती उरली आहे. पहिली गोष्ट सगळ्यात निर्दय. मादी दोनेक हजार अंडी घालते. त्यातली दोन पिल्लं मोठी होऊन परतली तरी वंश जागच्या जागी टिकतो. दोन हजारांतली दोन. केंद्राची मदत वगळून हा हिशेब मांडला की तो बहुतेक वर्षी तोट्यात निघतो. पसरण्याबाबत म्हणाल तर सगळी मदार रेडफिशवर आहे. अल्टुरस आणि पेटिटमध्ये उंबरठ्याच्या जवळपासही काही नाही.

आराखड्याचा उन्हाळा

आराखडा बाहेर पडला त्याच महिन्यात नदी तापली. हिवाळ्यात डोंगरावर बर्फ कमी पडला होता, जून कडक गेला आणि कोलंबियाचं पाणी सॉकआयला सोसणाऱ्या २० अंश सेल्सियसच्या वर महिनाभर आधीच गेलं. बॉनव्हिल धरण त्या वर्षी पाच लाखांवर सॉकआय चढले होते. त्यातले निम्मे वाटेतच मेले. स्नेककडे वळणाऱ्यांची गत सगळ्यात वाईट. बॉनव्हिल ओलांडलेल्या शंभरातला जेमतेम एक स्वतःच्या बळावर सॉटूथला पोचला. लोअर ग्रॅनाइटवर काही मासे धरून ट्रकने ईगलला नेले म्हणून थोडे वाचले.

या वर्षाच्या चिकित्सेतून हाती लागलेल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. लहानपणी बार्जने नेलेले मासे वर चढताना जास्त मेले. उतरताना वाचवलेलं चढताना गेलं. आणि धरणाच्या पायऱ्यांत सोडलेलं पाणी जलाशयाच्या पृष्ठभागावरचं, म्हणजे खालच्या नदीपेक्षा गरम असायचं. मासा पायरीच्या तोंडाशी येऊन मागे फिरायचा. लोअर ग्रॅनाइटला खोलातलं थंड पाणी पंपाने पायऱ्यांत सोडायची कायमची सोय पुढच्याच वर्षी झाली. पंचवीस वर्षांच्या कार्यक्रमात ही साधी गोष्ट कुणाला आधी सुचू नये, याचं नवल वाटतं.

तेवढ्यात घरच्या आघाडीवर वेगळीच भानगड झाली. दक्षिण आयडाहोत स्प्रिंगफील्ड इथे २०१३ साली खास या माशासाठी नवी हॅचरी उघडली होती, वर्षाला दहा लाख बोटुकली तयार करायच्या क्षमतेची. वीज विकणाऱ्या बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशनचा पैसा. २०१५पासून इथली पिल्लं सोडली गेली, आणि धष्टपुष्ट पिल्लं पहिल्या धरणापर्यंतही न पोचता मरायला लागली. पक्षी, रोग, प्रवासाचा ताण, सगळं तपासून झाल्यावर संशय पाण्यावर आला. स्प्रिंगफील्डचं भूजल जड, क्षारांनी भरलेलं. रेडफिश लेकच्या ओढ्याचं पाणी वितळलेल्या बर्फाचं, अगदी मऊ. एका पाण्यातून थेट दुसऱ्यात टाकलेलं पिल्लू आतले क्षार सांभाळू शकत नव्हतं. त्यात समुद्राकडे निघायच्या दिवसांत त्याच्या शरीरात क्षारांचीच उलथापालथ चालू असते. मधल्या जडपणाच्या पाण्यात काही दिवस ठेवून मग सोडायला लागल्यावर जगण्याचं प्रमाण वाढलं.

आढाव्याच्या दृष्टीने या चुकीची किंमत मेलेल्या पिल्लांहून मोठी आहे. २०१७ ते २०१९चे घसरलेले आकडे पाहून समुद्र बिघडला म्हणावं, धरणांना दोष द्यावा की हॅचरीच्या नळाला? २०१९ला खोऱ्यात वीसही मासे आले नाहीत. चिप आणि जनुकीय ठसे नसते तर या तिन्ही कारणांचा गुंता सुटलाच नसता.

सोडलेल्या माशांचा आकडा म्हणजे वाचलेली प्रजाती, हा समज आपल्याकडेही आहे. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटा पॉवरच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महाशीरची पैदास होते, आणि निळ्या परांचा महाशीर आंतरराष्ट्रीय यादीत आता धोक्याबाहेर गणला जातो. काम मोठंच. पण याच जातीची बोटुकली कावेरीत सोडली गेली आणि तिथला स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महाशीर मागे पडत अतिसंकटग्रस्त ठरला. कुठल्या नदीत कुणाची पिल्लं, हा प्रश्न आकड्याआधी विचारावा लागतो.

जाळं किती टाकायचं

आता मासेमारीचा प्रश्न. स्नेकच्या सॉकआयची स्वतंत्र मासेमारी होतच नाही. अडचण अशी की तो एकटा येत नाही. जून-जुलैत कोलंबियातून वर जाणाऱ्या सॉकआयच्या थव्यात जवळपास सगळे मासे वेनॅची आणि ओकानागन या उपनद्यांचे. ओकानागनचे तर पुढे कॅनडात जातात. २०१४ला बॉनव्हिलवर सहा लाखांहून जास्त मोजले गेले. त्यात स्नेकवाले शंभरात एकही नाहीत, आणि दिसायला सगळे सारखे. जाळ्याला फरक कळत नाही.

म्हणून मर्यादा थव्याच्या टक्केवारीत बांधली आहे. १८५५च्या तहांनी ज्यांचा हक्क मान्य झाला त्या याकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स या जमाती, राज्यं आणि केंद्र सरकार यांच्यात न्यायालयाच्या देखरेखीखाली झालेल्या करारानुसार जमातींबाहेरच्या मासेमारीला १ टक्का. जमातींना थवा ५०,००० पेक्षा लहान असेल तर ५ टक्के, ७५,००० पर्यंत ७ टक्के, आणि त्यावर गेला तर पुन्हा बोलणी.

करार वाईट नाही, पण त्याच्याकडून भलती अपेक्षा धरू नये. समजा, स्नेकचे १,००० मासे नदीत शिरले आणि ८ टक्के जाळ्यात गेले. उरले ९२०. बऱ्या वर्षी यातले निम्मे तळ्याला पोचले असं धरू : ४६०. मासेमारी पूर्ण बंद ठेवली असती तर ५००. फरक ४० माशांचा, आणि तो कमी नाही. २०१५सारख्या वर्षी हेच गणित नऊ विरुद्ध दहा असं येतं. जमातींची जाळी गुंडाळायला लावून एक मासा मिळतो. हा हिशेब न मांडता 'आधी मासेमारी थांबवा' म्हणणं म्हणजे ज्यांचं सगळ्यात जास्त गेलं त्यांच्याच ताटातला घास मोजणं. धरणांकडे बोट दाखवणं राजकीयदृष्ट्या अवघड, मच्छीमाराकडे सोपं, हे इकडेही आणि तिकडेही.

नोआनेच सप्टेंबर २०२२च्या अहवालात खालच्या स्नेकवरची धरणं काढण्याचा उपाय स्नेकच्या माशांसाठी अत्यावश्यक ठरवला. डिसेंबर २०२३मध्ये केंद्र सरकार, दोन राज्यं आणि चार जमाती यांच्यात त्या दिशेने समझोता झाला. जून २०२५मध्ये नव्या सरकारने त्यातून अंग काढून घेतलं, आणि भांडण परत कोर्टात गेलं.

सॉटूथमध्ये दरम्यान २०२२ला साडेसातशेच्या आसपास मासे आले. पाणी तापणार असा अंदाज आला की लोअर ग्रॅनाइटला ट्रक उभा राहतो. २०१५ला राहिला, २०२१लाही राहिला. तिथून तळं आणखी साडेसातशे किलोमीटर वर आहे. ट्रकमधला मासा जगतो, त्याची अंडी मिळतात, जनुकं टिकतात. पण ती चढण त्याने चढलेली नसते, त्यामुळे चढू शकणाऱ्यांत त्याला मोजता येत नाही आणि मेलेल्यांतही धरता येत नाही. त्याची नोंद वेगळी ठेवावी लागते.